पुनवेच्या भरतीचं पाणी

बाटली मीच भरली.

पाणी तपासायला आलेल्या साहेबाला होडीत वाकता येईना. होडी जरा हलली की तो दोन्ही हातांनी कड धरायचा आणि बाटली मांड्यांत दाबून बसायचा. त्याचा शिपाई त्याच्याहून घाबरट, तो तर होडीच्या तळाशीच बसला होता. वल्हं मारणारे आमच्या शेजारचे म्हातारे तांडेल तोंड फिरवून समुद्राकडं बघत होते. शेवटी मी म्हटलं, "द्या इकडं." पदर खोचला, वाकले आणि बाटली पाण्यात बुडवली. पाणी गार होतं, हिरवं होतं. माझ्या बांगड्या पाण्याखाली नीट दिसत होत्या. पुनवेची दुपार, भरती पुरी चढलेली, समुद्र खाडीत शिरून पार वरच्या बांधाला लागला होता. त्या पाण्यात कारखान्यांच्या नाल्याचं काही सापडणार नव्हतं. हे मला होडीत बसायच्या आधीपासून माहीत होतं.

काठावर माझी मोठी जाऊ उभी होती. तिला मी वैनी म्हणायची. हातात रिकामी पाटी, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. तिनं आम्हाला बघितलं, बाटली बघितली, मग पाणी कुठवर आलंय ते बघितलं. आणि ओरडली, "अगो, पुनवेला आणलंस यांना? भरतीला?"

साहेबानं मान वर केली. वारा होता, त्याला शब्द कळले नाहीत.

"काय म्हणतायत त्या बाई?"

"काय नाय," मी म्हटलं. "जेवून जा म्हणते."

"वा," साहेब म्हणाला. "तुमच्याकडची माणसं फार प्रेमळ हो." आणि त्यानं काठाकडं बघून हात जोडले.

वैनीनं पाटी डोक्यावर पालथी घातली आणि निघून गेली. परत येताना तांडेलांनी होडी इतक्या जोरात काठाला लावली की साहेब गुडघ्यावर पडला.

आता मागचं सांगते.

मी चौथी शिकले. आमच्या गावात माझ्या वयाच्या बायकांत तेवढंही कोणी शिकलं नव्हतं, म्हणून महिला मंडळ झालं तेव्हा अध्यक्ष मी झाले. दुसरं काही कारण नव्हतं. मी सही करायची आणि एस.टी.ची पाटी वाचायची.

मंडळ म्हणजे सुरुवातीला माझ्या दारातली एक टोपली होती. आम्ही बायका पाट्या घेऊन पालघरच्या नाहीतर बोईसरच्या बाजाराला जायचो. जाताना माझं घर वाटेवर लागायचं. जिच्या पाटीत सुका जवळा असेल तिनं एक मूठ माझ्या टोपलीत टाकायची. जवळा म्हणजे कोळंबीहूनही लहान, करंगळीच्या नखाएवढी मासळी, वाळवून विकतात. जिच्याकडं जवळा नाही ती दोन बोंबील टाकायची. टोपली भरली की एकजण ती विकून यायची. त्या पैशातून कोणाला पालघरच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर न्यायचं, कचेरीत जायचं तर एस.टी.चं भाडं, अर्ज लिहून देणाऱ्या मास्तरांना चहा. कोण किती टाकते ते कोणी बघत नसे. पण न टाकता कोणी पुढं गेली तर मागची हाक मारायची, "ए बाय, हात दुखतो काय?"

त्या टोपलीवर आम्ही काय काय केलं. बोईसरच्या बाजारात आम्हाला बसायला जागा देत नव्हते. आज इथून ऊठ, उद्या तिथून ऊठ. तेव्हा आम्ही सगळ्याजणी पाट्या घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. उन्हाळ्याचे दिवस. ओले बोंबील होते, त्यांना किती दम निघतो? दुपारपर्यंत कचेरीतले कारकून नाकाला रुमाल लावून खिडक्या बंद करायला लागले. मग आतला साहेब स्वतः बाहेर आला.

"बायांनो, हे काय चालवलंय?"

वैनी म्हणाली, "साहेब, आमी काय नाय करत. मासळीच बोलते हाय."

चार दिवसांत जागा मिळाली. आजही आमच्या सुना तिथं बसतात. ती जागा कोणामुळं मिळाली ते त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं काही कारणही नाही.

वैनीचं सांगायला हवं. माझे थोरले दीर समुद्रावर गेले ते आले नाहीत. होडी दुसऱ्याची होती, ती परत आली. वैनीला एक मुलगी, तिचं लग्न झालेलं. घरात वैनी एकटी. होडी नाही, जाळं नाही, पुरुष नाही. अशा बाईला आमच्याकडं खाडी असते. ओहोटी लागली की खाडीतले खडक उघडे पडतात. त्यांना कालवं चिकटलेली असतात. लोखंडी कोयतीनं टोक मारून शिंपला फोडायचा, आतलं मांस काढून डब्यात टाकायचं. चिखलात शिवल्या म्हणजे शिंपल्या असतात, निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे लहान मासे असतात. हे सगळं फुकट. कोणाला विचारायचं नाही, कोणाच्या दारात जायचं नाही. वैनी डबाभर कालवं घेऊन दारोदार फिरायची आणि तेवढ्यावर जगायची. कोणाचा चहासुद्धा फुकट घ्यायची नाही.

मग बोईसरच्या बाजूला कारखाने वाढत गेले. आमच्या गावची पोरं कामाला लागली, त्याचं वाईट म्हणत नाही. पण त्यांचा एक नाला खाडीला येऊन मिळाला. भरती असली की काही कळायचं नाही. ओहोटी लागली की खाडी खरी दिसायची. एक दिवस पाणी तांबडं, दुसऱ्या दिवशी काळ्या चहासारखं. वास असा की डोळ्यांतून पाणी. निवट्या चिखलावर पोट वर करून पडलेल्या. कालवं फोडली तर आत काळं. आणि वैनीच्या पायांना बोटांच्या बेचक्यांत चिरा पडायला लागल्या. खोबरेल लावलं, हळद लावली, पालघरच्या डॉक्टरनं मलम दिलं. डॉक्टर म्हणाला, पाण्यात जाऊ नका. वैनी म्हणाली, "मग खाऊ काय, मलम?"

आम्ही मेलेल्या निवट्या पाट्यांत भरून पालघरला गेलो. दोनदा गेलो. टोपलीतल्या जवळ्यावर गेलो. मास्तरांनी अर्ज लिहिला, मी सही केली, बाकीच्यांनी अंगठे उठवले. कचेरीत सांगितलं की वर कळवतो, पाणी तपासायला माणूस येईल. वर म्हणजे कुठं ते सांगितलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो.

त्याच सुमारास तालुक्याहून दुसरा एक साहेब आला. चांगला माणूस होता. तो वाईट असता तर मला आज सोपं गेलं असतं. त्यानं सांगितलं, सरकारची योजना आहे, तुमच्यासारख्या मंडळांना बालवाडी चालवायला अनुदान मिळतं. पोरांना खाऊ मिळेल, खेळणी मिळतील, शिकवणाऱ्या बाईला मानधन. फक्त मंडळाची नोंदणी करायला हवी.

बालवाडीची गरज होती. आम्ही बाजारात, पुरुष समुद्रावर, पोरं दिवसभर वाळूत. एकदा एक पोर भरतीत सापडलं होतं, थोडक्यात वाचलं. तेव्हा बालवाडी घेतली यात काही चुकलं असं मी अजूनही म्हणत नाही. नोंदणी झाली. पाटी लागली, तिच्यावर शासनाचं नाव वर आणि आमचं खाली. शिकवायला सातवी झालेली बाई हवी होती. माझी सून सातवी झालेली होती. गावात आणखी एक मुलगी होती, पण ती अध्यक्षाची सून नव्हती. हेही लिहून टाकते.

पहिल्या तपासणीला साहेब आला तेव्हा त्याला दारातली टोपली दिसली. विचारलं, हे काय. मी सांगितलं. त्याला हसू आलं.

"अध्यक्षबाई, हा जवळा मी कशात दाखवू? मासळीची मूठ कुठल्या खात्यात जमा करायची?"

"मग काय करू?"

"बंद करा हो ते. आता तुम्ही सरकारमान्य संस्था आहात. आता भीक कशाला?"

आम्हाला ती भीक कधी वाटली नव्हती. पण त्यानं म्हटल्यावर मला वाटली. मी टोपली धुतली आणि घराच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगली. बायकांनाही बरं वाटलं. एक मूठ वाचली. फक्त वैनी दोन-तीन बाजार सवयीनं दाराशी थांबायची, मुठीत कालवांचे वाळवलेले तुकडे असायचे. टोपली नाही बघून तोंडात टाकायची आणि चालू लागायची.

त्यानंतर काय झालं ते सांगणं कठीण आहे, कारण काही झालंच नाही. कोणी आम्हाला गप्प बसा म्हटलं नाही. कोणी कागदावर तसं लिहून घेतलं नाही. पण मीच बदलले. पूर्वी कोणी तक्रार घेऊन आली की मी म्हणायची, "चल, जाऊ." आता म्हणायला लागले, "बघते. साहेब आले की त्यांच्या कानावर घालते." आणि साहेब आले की चहा, पोरांची गाणी, सुनेचं कौतुक. कानावर घालायचं राहून जायचं. शेजारच्या गावच्या बायका नाल्यासाठी पालघरला निघाल्या, त्यांचा निरोप आला. मी कळवलं की आमची त्या दिवशी तपासणी आहे. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. त्या बायका रस्त्यानं घोषणा देत गेल्या तेव्हा बालवाडीची पोरं दारात येऊन बघायला लागली. सुनेनं त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. मी घरातून बघत होते.

आणि मग तो निरोप आला. पाणी तपासणारे साहेब येणार.

आमचा तालुक्याचा साहेब लगेच घरी येऊन बसला. चहा घेतला. बालवाडीला पक्की खोली बांधून मिळण्याचं त्यानं वर पाठवलं होतं. तोवर पोरं देवळाच्या ओसरीवर बसायची, पावसात भिजायची. तो म्हणाला, "खोलीचं काम मार्गी लागलंय. या वेळेला जरा सांभाळून घ्या. पाण्याच्या साहेबांना तुम्हीच घेऊन जा. उगाच पाट्या ओतणं, आरडाओरडा नको. त्यांना कधी यायला सांगू?"

इथंच सगळं आहे.

समुद्रकाठच्या बाईला तिथी सांगितली की तिला पाणी कळतं. घड्याळ लागत नाही. पुनवेला आणि अवसेला भरदुपारी पाणी भरलेलं असतं. अष्टमीला त्याच वेळी खाडी उपसलेली असते. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. अष्टमी चार दिवसांवर होती. अष्टमीला साहेब आला असता तर त्याला काही शोधावं लागलं नसतं. काठावर उभं राहूनच नाकाला रुमाल लावला असता.

मी म्हटलं, "पुनवेला आणा. दुपारी."

तालुक्याच्या साहेबाला भरती-ओहोटी कळत नव्हती. तो देशावरचा माणूस, त्याला समुद्र म्हणजे पाणी. त्यानं मला पुनव सांग असं सुचवलं नाही. ते मी माझ्या डोक्यानं केलं. तो फक्त म्हणाला, "पुनवच का?"

"अष्टमीला चिखल असतो. साहेबांचे बूट खराब होतील. पुनवेला होडी लागते."

"हे तुम्ही बरं सुचवलंत," तो म्हणाला.

सून चुलीपाशी होती. ती कोळ्याचीच मुलगी. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत चुलीत फुंकर घालायला लागली.

मी स्वतःला तेव्हा काय सांगितलं तेही आठवतं. एक बाटली गेली तर काय, पुढच्या वेळी ओहोटीला आणू. खोली एकदा उभी राहिली की मग बघू. कोणाला काढून थोडंच नेता येईल खोली. असं सांगत होते. पण पुनवेला सकाळी मी नवं लुगडं नेसले, आणि खाडीवर जाताना वैनीच्या घरावरून न जाता मागच्या वाटेनं गेले. म्हणजे मला सगळं कळत होतं.

पुढं पालघरहून निरोप आला की पाण्यात दोष आढळला नाही, तक्रार निकाली काढली आहे. मंडळाची बैठक होती, देवळाच्या ओसरीवर. मी तो निरोप वाचून दाखवला. आवाज एकदम साधा ठेवला, जशी खाऊची यादी वाचायची तसा. बायका खाली बघत होत्या. त्यांतल्या प्रत्येकीला तिथी ठाऊक होती.

एकीनं विचारलं, "मग खोलीचं?"

"मंजूर," मी म्हटलं.

"बरं झालं."

एवढ्यात वैनी आली. तिनं मंडळात येणं सोडलं होतं, पण त्या दिवशी आली. पायरीवर बसली नाही. सरळ आत येऊन पोरांसाठी आणलेल्या नव्या चटईवर उजवा पाय ठेवला. बोटांच्या मधल्या चिरा पिकल्या होत्या. टाच फुटून आतलं लाल दिसत होतं. ती फक्त पाय ठेवून उभी राहिली, दुकानात माल दाखवायला ठेवतात तसा.

माझी सून म्हणाली, "काकी, चटई खराब होईल. सरकारी हाय."

वैनीनं तिच्याकडं बघितलं. "होय गो बाय. सरकारी हाय. माजा पाय सरकारी नाय, नाय काय?"

एकदोघी हसल्या. हसू आलं म्हणून नाही, बसवेना म्हणून.

मी म्हटलं, "वैनी, बस तरी."

"नको अध्यक्षीणबाय," ती म्हणाली. "तुमची बैठक चालू द्या."

त्याआधी ती मला गो म्हणायची, नाहीतर लहानपणीच्या नावानं हाक मारायची. माझं लग्न झालं तेव्हा मी इतकी लहान होते की माझ्या वेण्या तीच घालायची. पहिल्यांदा बाजारात नेलं ते तिनंच, डोक्यावर पाटी कशी तोलायची ते तिनंच शिकवलं. त्या दिवसानंतर तिनं मला अध्यक्षीणबाय सोडून दुसऱ्या कशानं हाक मारली नाही. भांडली नाही. अबोला धरला नाही. लग्नकार्याला यायची, माझ्या हातचं जेवायची, नारळी पुनवेला माझ्याबरोबर काठावर उभी राहायची. पण रस्त्यात, बाजारात, दहा माणसांत, "अध्यक्षीणबाय, जरा सरका," "अध्यक्षीणबाय, मीठ द्या." नवे लोक समजायचे की थोरली जाऊ धाकटीला मान देते. मला वाटायचं, शिवी दिली असती तर बरं.

खोली झाली. पत्र्याची, पक्क्या भिंतींची. उद्घाटनाला हार, नारळ, पेढे. पोरांनी गाणं म्हटलं. मला खुर्चीवर बसवलं. मी बसले.

वैनीनं खाडी सोडली. सोडली म्हणजे सोडावी लागली, पाय टाकवेना. बोईसरला एका भंगारवाल्याकडं कामाला लागली. कारखान्यांतून रिकामी पिंपं यायची, ती धुवायची. ज्या पाण्यानं खाडी गेली, त्याच पाण्याची पिंपं. मी एकदा बाजारातून परत येताना तिकडून गेले. ती पिंपात अर्धी वाकून ब्रश मारत होती. भंगारवाल्याचा माणूस ओरडत होता, "ए मौसी, हाथ चला, ट्रक खड़ा है." तिनं वर बघितलं, मला बघितलं. मोठ्यानं म्हणाली, "अरे, उनको नमस्ते करो. हमारे गाव का अध्यक्ष है." त्या माणसानं खरंच नमस्ते केला. मी पाटी घेऊन इतक्या घाईनं चालले की मासळी सांडली. उचलायला थांबले नाही.

नव्वदीनंतर कधीतरी ती योजना बंद झाली, का दुसऱ्या योजनेत गेली, मला नीट समजलं नाही. आमचा साहेब केव्हाच बदलून गेला होता. नवा आला तो म्हणाला की आता बालवाडी सरकार स्वतः चालवणार, मंडळाची गरज नाही. खोली घेतली, पाटी काढली. सुनेचं काम गेलं. दुसऱ्या कुठल्या बाईला लावलं. सून आठवडाभर रडली आणि मग पाटी घेऊन बाजाराला जायला लागली. तेव्हा मला कळलं की आमच्याकडं काही राहिलं नव्हतं. मंडळ नाही, टोपली नाही. आणि खाडी ओहोटीला अजून तांबडी दिसायची.

मी भिंतीवरची टोपली काढली. बुरशी आली होती, उन्हात टाकली, आणि बाजाराच्या दिवशी पहाटे दारात ठेवली. स्वतःची एक मूठ जवळा आधी टाकला, म्हणजे दिसेल. बायका आल्या आणि टोपलीकडं बघून पुढं गेल्या. एक थांबली, माझ्याच वयाची.

"हे काय गो परत?"

"मंडळ चालू करू म्हणते. नाल्याचं बघायला हवं."

"सरकार देत व्हतं तवा आमची मूठ नको व्हती," ती म्हणाली. "आता सरकार नाय देत तवा पायजे काय?"

तिनं रागानं म्हटलं नाही. पाटी सावरली आणि गेली. टोपली मी काही दिवस तशीच ठेवली. एक दिवस कोंबडीनं त्यात अंडं घातलं. मग ती कोंबडीलाच दिली.

वैनी शेवटी खोकल्यानं अंथरुणाला खिळली. मुलगी सासरी, तिची स्वतःचीच ओढाताण, म्हणून मी तिला माझ्या घरी आणलं. ती नाही म्हणाली नाही. मी तिचं सगळं केलं. केलं म्हणून काही फिटलं असं मला वाटत नाही, आणि तिलाही वाटलं नसावं. पायांना तेल लावायचे तेव्हा ती भिंतीकडं तोंड करायची. एकदा दुपार कलल्यावर घरात दोघीच होतो. मी म्हटलं, "वैनी, अष्टमीला आणायला हवं होतं मी त्यांना."

ती म्हणाली, "आज कुठली तिथी?"

मी सांगितली. एकादशी.

"मग आता पाणी चढत असंल," ती म्हणाली. दम घेतला. "अध्यक्षीणबाय, पाणी द्या."

मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. संध्याकाळी मुलगी पोचेपर्यंत ती गेली होती.

हे मी लिहिते आहे कारण माझी नात आता एका संस्थेत आहे. तिच्या तोंडी अनुदान हा शब्द रोज असतो. तिला मी घेऊ नको म्हणत नाही. पोरं उन्हात खेळत असतील तर कोणाचंही छप्पर चालतं. पण तिनं मला विचारलं की तुमचं मंडळ का बंद पडलं, तेव्हा मी योजना बदलली असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण ते कारणही नव्हतं. कारण वर लिहिलं आहे. तिच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली, म्हणून लिहिलं.

त्या होडीत साहेब होता, त्याचा शिपाई होता, तांडेल होते आणि मी. काठावर वैनी होती. साहेब आणि शिपाई पुढं कुठं गेले, ठाऊक नाही. तांडेल त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात गेले. वैनी गेली. मी आहे.